बुधवारचा विषय

नांदेडला मी ज्या खासगी दवाखान्यात नोकरीला होते, तिथं डायलिसिसचा विभाग पहिल्या मजल्यावर होता. बाकीच्या वॉर्डातला पेशंट बरा झाला की घरी जातो आणि सिस्टर त्याला विसरते. आमच्याकडं तसं नसायचं. एकदा माणूस या मशीनला लागला की आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं तेच तोंड, तोच हात, तीच नस. त्यांच्या सुनांची भांडणं आम्हाला पाठ असायची. कुणाच्या शेतात यंदा सोयाबीन आहे आणि कुणाच्या नातवाला दात आले, हेही ठाऊक असायचं.

मी मूळची मुखेडजवळच्या एका खेड्यातली. वडील सायकलवरून आजूबाजूच्या वस्त्यांवर प्रभूची गोष्ट सांगत फिरायचे. घरी संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय कुणाला ताट वाढलं जायचं नाही. पाप म्हणजे काय, हे आम्हा भावंडांना लहानपणीच सांगून झालं होतं: दारू, तंबाखू, शिवीगाळ, चोरी, खोटं. ही सगळी लांबून दिसणारी पापं होती. रस्त्यात खड्डा दिसावा तशी ती दिसायची आणि बाजूनं जाता यायचं. पाप कधी हळू आवाजात, ‘सिस्टर, तुम्ही जेवल्या न्हाईत का?’ असं विचारत येतं, हे मात्र वडिलांनी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

नायगावच्या बाजूची एक म्हातारी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. तिला घेऊन तिचा मुलगा यायचा. चाळिशीचा, शेती करणारा, नायगावात खत-बियाण्याचं दुकान असलेला माणूस. बायको, दोन मुलं, सगळं व्यवस्थित. म्हातारीला मशीन लावलं की चार तास त्याला काही काम नसायचं. बाकीचे नातेवाईक खाली जाऊन मोबाइल बघत बसायचे. हा दारापाशी बसून आईचे पाय चेपायचा. त्या विभागात मी खूप लेक बघितले होते, पण आईचे पाय चेपणारा मी दुसरा बघितला नव्हता.

माझा नवरा वीज कंपनीत लाइनमन. बदली लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या बाजूला झाली होती. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. आठवडाभर खांबावर चढून थकलेला असायचा. जेवायचा, उपासनेला यायचा, दुपारी झोपायचा. वाईट माणूस नव्हता. बोलायचा मात्र मोजकं, आणि दोनदा माझं पोट पडल्यावर तेही कमी झालं होतं. त्या दुःखाविषयी आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नाही. तो खांबावर चढत राहिला आणि मी सुया टोचत राहिले.

तर तो नायगावचा माणूस. हिवाळ्यात त्यानं शेतातला हुरडा आणला, सगळ्या स्टाफसाठी. त्यात शेंगदाण्याची बिनतिखटाची चटणी एका वेगळ्या पुडीत होती, ती माझ्यासाठी, कारण मला तिखट चालत नाही हे मी कधीतरी बोलले होते. एवढंच. पण मी काय बोलले हे कुणीतरी लक्षात ठेवलंय, या गोष्टीनं मला दिवसभर काही सुचलं नाही. मग आईच्या तब्येतीचं विचारायला म्हणून फोन नंबर गेला. मग सकाळी एखादा मेसेज. मग मी नाश्ता केला का, याची चौकशी. त्यात वाईट असं एक अक्षर नव्हतं. कुणाला दाखवले असते तर कुणीही म्हणालं असतं, यात काय वांधा आहे?

वांधा मला ठाऊक होता. एका सोमवारी संध्याकाळी मी न्हाणीघरात केस धूत होते आणि एकदम हात थांबला. मी केस रविवारी धुते, उपासनेला जायच्या आधी. लहानपणापासून तीच सवय. आता काही आठवड्यांपासून मी ते सोमवारी धूत होते. मंगळवारसाठी. हे माझं मलाच न कळता चाललं होतं. डोक्यावर फेस तसाच ठेवून मी पाटावर बसून राहिले.

पुढच्या मंगळवारी त्यानं विचारलं की, सुट्टीच्या दिवशी एकदा शेत बघायला याल का. आईलाही बरं वाटेल, म्हणाला. मी बघू म्हणाले. ‘न्हाई’ हा शब्द माझ्या तोंडून आला नाही, आणि तो येणार नाही हे मला दिसत होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक अक्का होत्या. सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. साठीच्या, अंगानं उंच, महिलांच्या प्रार्थनासभेच्या प्रमुख. माझं लग्न त्यांनीच जमवलं होतं. दुसऱ्यांदा पोट पडलं तेव्हा माझी आई गावाकडं आजारी होती. त्या वेळी अक्कांनी मला आपल्या घरी नेऊन ठेवलं, सकाळ-संध्याकाळ शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊ घातली, माझे कपडे धुतले. रडताना माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडं काही राहिलं नव्हतं.

आणि आमच्याकडं शिकवण अशी की मोह एकट्यानं लढायचा नाही. विश्वासातल्या माणसाजवळ तो उघडा करायचा. झाकून ठेवला की तो वाढतो, बोलून दाखवला की त्याचा जोर जातो. अक्काच हे शिकवायच्या. म्हणून मी त्यांच्याकडं गेले.

दुपारची वेळ होती, त्या एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं. हुरडा, चटणी, मेसेज, केस, शेत. केसांचं सांगताना मला हुंदका फुटला. अक्कांनी माझा हात हातात घेतला, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या की सैतान दारातून आत आलाय, पण अजून बसला न्हाई, उभाच हाय, आत्ताच हाकलायचा. त्यांनी सांगितलं तेही नेमकं होतं. ड्यूटी बदलून घे. नंबर काढून टाक. आणि त्या माणसाला तोंडावर सांग, गुपचूप गायब होऊ नको, न्हाईतर तो वाट बघत राहील आणि तूबी. मग गुडघ्यावर येऊन आम्ही प्रार्थना केली. उठताना मी म्हणाले, “अक्का, हे तुमच्यापाशीच राहू द्या.”

“हे काय सांगायचं का पोरी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचं ऐकलं. विभागाच्या इनचार्जला विनंती करून मंगळवार-शुक्रवारच्या सकाळच्या पाळीतून नाव काढून घेतलं. कारण विचारलं तर घरचं आहे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. त्या माणसाला शेवटच्या शुक्रवारी जिन्यात गाठून सांगितलं. काय बोलायचं ते मी घरी पुन्हा पुन्हा घोकलं होतं, पण प्रत्यक्षात एवढंच बोलता आलं की, तुम्ही मेसेज करू नका, मला ते चांगले वाटायला लागलेत. त्यानं आईच्या रिपोर्टांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “बरं ताई.” ताई हा शब्द त्यानं पहिल्यांदा वापरला. चांगला माणूस होता. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून चालत घरी येताना मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की प्रार्थनेत आपण जे मागतो ते खरंच मिळू शकतं. वडील हयात असते तर त्यांना फोन करून सांगितलं असतं, असंही वाटलं. त्यांना नाही तर अक्कांना सांगितलं. त्या फोनवर ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणाल्या आणि मी रिक्षा थांब्यावर उभी राहून रडले. नवऱ्यालाही सांगायचं मी ठरवलं होतं. शनिवारी आला की सांगू. मग शनिवारी तो ताप घेऊन आला, आणि पुढच्या शनिवारी वादळानं तारा तुटल्या म्हणून आलाच नाही.

आणखी काही आठवडे गेले. एका रविवारी उपासना संपल्यावर बायका चपला शोधत होत्या. मंडळीतल्या एक रिटायर शिक्षिका माझ्याजवळ आल्या. आमची फारशी ओळख नव्हती. त्यांनी माझा दंड धरला आणि प्रेमानं विचारलं, “आता कसं हाय तुझं?”

मला वाटलं तब्येतीचं विचारतायत. मी बरी आहे म्हणाले.

“सुटली का त्याच्यातून? बुधवारी तुझा विषय घेऊन राहिलो आम्ही. उपासबी धरला होता दोघी-तिघींनी.”

बुधवारी दुपारी महिलांची प्रार्थनासभा असायची, दर वेळी वेगळ्या घरी. ड्यूटीमुळं मला क्वचितच जाता यायचं. सभेत प्रत्येकीनं आपला एक विषय सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत होती. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. त्यात मी होते. शिक्षिकाबाई माझा दंड धरूनच होत्या. त्यांच्या खांद्यावरून मागं दोन बायका दिसत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली चपलांकडं वळवली.

शिक्षिकाबाईंना वाटलं मला सगळं माहीत आहे. त्यांनी भोळेपणानं आणखी सांगितलं. अक्का मी भेटले त्याच आठवड्याच्या बुधवारी बोलल्या होत्या. म्हणजे मी इनचार्जसमोर विनंती करत उभी होते आणि जिन्यात त्या माणसाला गाठत होते, तेव्हा या बायकांना सगळं ठाऊक होतं. केस धुण्याचंही. माझी लढाई चालू असताना तिला प्रेक्षक होते. पुढं कुणाच्या तोंडी ती गोष्ट वाढत गेली. तो माणूस मला पळवून नेणार होता, असं एकीनं ऐकलं होतं. मी धर्म सोडणार होते, असं दुसरीनं.

आठवड्याच्या मधल्या वारी, भरदुपारी नवरा दारात उभा राहिला. पायात कामावरचे जाड बूट तसेच होते. चर्चच्या पाळकांनी त्याला फोन केला होता. त्यांनी नीट शब्दांतच सांगितलं असावं. बदलीसाठी प्रयत्न कर, घराकडं लक्ष दे, एवढंच. पण त्यानं दोन प्रश्न विचारले असणार आणि पाळकांनी त्यांची उत्तरं दिली असणार.

तो खुर्चीवर बसला. पाणी प्यायला नाही. मी सगळं सांगितलं, जसं अक्कांना सांगितलं होतं तसंच, पण आता त्या शब्दांत काही जीव राहिला नव्हता. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना ती बचावासारखी वाटते. तो ऐकत होता. त्यानं त्या माणसाबद्दल एक शब्द विचारला नाही.

“सगळ्या मंडळीला माहीत,” तो म्हणाला. “मलाच माहीत न्हाई.”

मी म्हणाले की शनिवारी सांगणार होते.

“कोणत्या?”

तो उठला आणि आला तसाच गेला. त्यानंतर बरेच शनिवार तो आला नाही. फोन करायचा, सिलिंडर आलं का विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

मी अक्कांकडं गेले. त्या अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं की असं का केलं. वाटेत येताना मी स्वतःला सांगत होते की त्या रडतील, माफी मागतील आणि मी माफ करीन. तसं झालं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या की त्यांनी चुगली केलेली नाही, प्रार्थना मागितली. एकटीच्या प्रार्थनेत बळ कमी पडतं. आणि बघ, तू सुटलीस का न्हाई?

“नाव घेतलं का मी तुझं? एकदाबी न्हाई घेतलं. डायलिसिसच्या दवाखान्यातली एक बहीण म्हणले.”

“अक्का, डायलिसिसची सिस्टर आपल्या मंडळीत किती जणी हायत?”

त्यांचा हात सुपाकडं गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं आता पोचलं. पण त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं दयेनं बघत म्हणाल्या, “सैतान आता तुला माझ्यावर उठवून राहिलाय, पोरी. सांभाळ.”

मी परत फिरले. त्या वाक्याला काही उत्तर नसतं. तुम्ही रागावलात तर सैतान खरा ठरतो, आणि रागावला नाहीत तर अक्का खऱ्या ठरतात. मला माझी माणसं परकी झाली याचं जेवढं दुःख झालं, त्याहून जास्त दुःख या गोष्टीचं झालं की अक्कांनी मला खाऊ घातलेली ती भाकरीही आता मला साधी वाटेना. मांडीवर डोकं ठेवून मी तेव्हा जे बोलले होते, तेही कुठल्या तरी बुधवारी गेलं असेल का? हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

उपासनेला मी जात राहिले, पण शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की लगेच निघायची. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ ही ओळ आली की माझे ओठ थांबायचे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी अक्कांचा मुलगा आमच्या दवाखान्यात आला. पंचविशी ओलांडलेला, तरुणांच्या गटाचा पुढारी, गिटार वाजवून गाणी घेणारा. नाताळच्या सभेत तो संदेशही द्यायचा. पोटात असह्य दुखतंय म्हणून आणलं होतं. स्वादुपिंडाला सूज होती आणि तिचा मारा मूत्रपिंडावर झाला होता. लघवी बंद पडली, म्हणून काही दिवस डायलिसिस करावं लागणार होतं. म्हणजे तो माझ्याच मशीनला आला.

कारण डॉक्टरांनी राउंडला माझ्यासमोरच विचारून घेतलं. दारू. कॉलेजपासून. आता रोज, सकाळीही. तो छताकडं बघत उत्तरं देत होता आणि त्याचे हात चादरीवर थरथरत होते. अक्का काचेच्या दाराबाहेर उभ्या होत्या. आतलं त्यांना ऐकू जात नव्हतं, पण डॉक्टरांनी त्यांनाही नंतर सांगितलंच. मला वाटतं, त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आईला न कळता कुणी इतकी वर्षं पीत नाही.

त्या रविवारी पाळकांनी वेदीवरून त्याच्यासाठी प्रार्थना केली. टायफॉइड बिघडून किडनीवर गेलाय, असं सांगितलं गेलं. मी शेवटच्या बाकावर ते ऐकलं आणि माझ्या अंगातून काहीतरी गरम वर आलं. तो राग नव्हता. रागात इतका गोडवा नसतो.

दुसऱ्या दिवशी विभागाबाहेर चपलांच्या रॅकपाशी अक्कांनी मला थांबवलं. खूप दिवसांनी आम्ही समोरासमोर आलो होतो. पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्या हळूच म्हणाल्या, “बाई, इथलं इथंच राहू दे.”

“आमच्यात पेशंटचं बाहेर बोलत न्हाईत,” मी म्हणाले आणि आत गेले. मला त्यांना बरं वाटेल असं बोलता आलं असतं. मी नाही बोलले.

बुधवारची सभा त्या आठवड्यात जवळच एका घरी होती. मी अर्धी सुट्टी टाकली. सिस्टर म्हणून मी पेशंटचं नाव घेणार नव्हते. नाव घ्यायची गरजच नव्हती, ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. वाक्य मी तयार करून ठेवलं होतं: एका आईसाठी प्रार्थना करा, जिचा तरुण मुलगा बाहेर वचन सांगतो आणि घरात दारू पितो. बस. पुढचं बायकांनी केलं असतं. त्या वाक्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. ते प्रार्थनेचंच वाक्य होतं. नायगावच्या माणसाच्या मोहात निदान मला ठाऊक होतं की मी मोहात आहे. इथं मला आपण न्यायाच्या बाजूला आहोत असं वाटत होतं, आणि त्यामुळं हा मोह कितीतरी पटींनी भारी होता.

खोलीत चटया टाकल्या होत्या. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. गाणं झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं, मग विषय सांगायला सुरुवात झाली. एकीच्या सुनेचं बाळंतपण, एकीच्या घराचं बांधकाम. माझ्याकडं पाळी सरकत येत होती. मी अक्कांकडं बघत होते. त्या भीतीनं आखडून बसल्या होत्या आणि मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, अजिबात आली नाही.

मला आठवला तो मुलगा. त्याच्या मानेत नळी घातली होती. सकाळीच मी तिची पट्टी बदलली होती. नळी जोडताना तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा आणि मान माझ्याकडं करून द्यायचा, लहान पोर लसीला दंड पुढं करतं तसं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या आईनं माझं काय केलं तेही, आणि मला त्याचं काय कळलं तेही. तरी तो मान पुढं करायचा. दुसरं करणार काय, हेही खरं. माझं ते वाक्य निघालं असतं अक्कांच्या दिशेनं, पण लागलं असतं त्याला. चपला शोधताना कुणीतरी त्याचा दंड धरून प्रेमानं विचारलं असतं, आता कसं हाय तुझं?

“तुझा विषय काय, बहिणी?” सभा घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

मनात मी फक्त ‘प्रभू, प्रभू’ एवढंच म्हणत होते, त्यापुढं काही सुचत नव्हतं.

“माझा काही विषय न्हाई,” मी म्हणाले.

पाळी पुढं गेली. मी मान खाली घालून बसले. सभा संपल्यावर चहाला थांबले नाही. पहिल्या वेळी जिंकले तेव्हा किती हलकी होऊन घरी आले होते. या वेळी तसलं काहीच नाही. उलट कितीतरी दिवस ते वाक्य छातीत जळत राहिलं. रस्त्यात मंडळीतली बाई भेटली की ते जिभेवर यायचं. भाजी घेताना यायचं. रोज ते पुन्हा गिळावं लागायचं. प्रसंग एकदा टळला की मोह संपतो असं मला वाटायचं. तसं नसतं.

मुलाचं मूत्रपिंड हळूहळू पूर्ववत झालं आणि तो घरी गेला. नंतर त्याला भोकरला मामाकडं पाठवल्याचं कळलं. अक्कांनी मला एका शब्दानं विचारलं नाही की बोलल्या नाहीत. उलट त्यानंतर त्या मला टाळू लागल्या. मी काही सांगितलं नाही, याचा त्यांना आधार वाटायला हवा होता. त्यांना बहुतेक धाक वाटत होता, कारण मी कधीही सांगू शकत होते.

त्याच सुमारास एका शनिवारी नवरा आला. जेवण झाल्यावर मी त्याला त्या बुधवारचं सगळं सांगितलं, मुलाचा आजार सोडून. म्हणाले की एक वाक्य तोंडात होतं, त्यानं अक्कांची मंडळीत मान खाली गेली असती, आणि मी ते बोलले नाही, पण अजून बोलावंसं वाटतं. त्यानं काय वाक्य ते विचारलं नाही.

“त्या वेळी तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, मला माहीत न्हाई,” तो म्हणाला. “कदाचित वाईटच बोललो असतो. पण ते आधी मी ऐकायचं होतं.”

मी हो म्हणाले. मग त्यानं स्वतःहून, लग्नानंतर पहिल्यांदाच, आमच्या त्या दोन न झालेल्या लेकरांविषयी काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि त्याला ते पुरं करता आलं नाही.

त्याची बदली नांदेडला झाली नाही, लातूर शहरात झाली. म्हणून मीच नोकरी सोडून लातूरला गेले. इथंही डायलिसिसचंच काम मिळालं. नव्या मंडळीतही आठवड्याची महिला-सभा आहे. पाळकांच्या पत्नी तरुण आहेत, मनानं चांगल्या. पहिल्याच सभेत त्यांनी मला प्रेमानं सांगितलं की इथं काहीही मोकळेपणानं बोलता येतं. मी माझ्या शुगरसाठी प्रार्थना करा म्हणाले. तेव्हापासून मी शुगर, गुडघा आणि पाऊस यापलीकडं विषय सांगितलेला नाही. त्यांचा काही दोष नाही. कदाचित त्या पोटात ठेवणाऱ्याही असतील. मला ते तपासून बघायचं धाडस होत नाही. जे बोलायचं ते मी घरी बोलते. नवरा ऐकतो, कधी ‘हं’ म्हणतो, कधी तेवढंही नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी अक्का लातूरला आल्या होत्या. पत्ता विचारत घरी आल्या. खूप वाळल्या होत्या. मी चहा केला, पोहे केले. बोलणं इकडचं तिकडचं झालं. मुलगा भोकरला दुकानात बसतो म्हणाल्या, बरा हाय. किती बरा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “तू त्या दिवशी सभेत आली होतीस, तवा बोलायच्याच इराद्यानं आली होतीस ना?”

“हाव,” मी म्हणाले.

“मंग?”

“न्हाई बोलले.”

त्यांनी मान हलवली. मी वाट बघितली. खोटं कशाला बोलू, मी खरंच वाट बघितली. स्वयंपाकघरात नवरा कपबशा विसळत होता, त्याचाही नळ थांबला. पण अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि निघायच्या आधी प्रार्थना करू म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून, हात वर करून मोठ्यानं प्रार्थना केली. माझ्या घरासाठी, नवऱ्याच्या कामासाठी, माझ्या आरोग्यासाठी. शब्द तेच होते, मला लहानपणापासून आवडणारे. मी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं होतं, मला कळलं नाही. शेवटी मी आमेन म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

नवरा त्यांना रिक्षात बसवून परत आला. त्यानं विचारलं, “माफी मागितली का?”

“न्हाई.”

“मंग तू माफ केलंस का?”

“करून राहिले,” मी म्हणाले, आणि पोह्यांच्या बशा उचलल्या.